सुई शेवटी घ्या, आधी काडी

पहिलं रोमन नाणं साफ करायला मी थेट स्टीलची सुई घेतली होती. चौथ्या शतकातलं ब्राँझचं बारकं नाणं, मातीने पार लिंपलेलं, आणि मला घाई. दहा मिनिटांत सम्राटाच्या गालावर लख्ख ओरखडा, तो आता कायमचा.

तेव्हा एक गोष्ट माहीतच नव्हती. इतक्या जुन्या नाण्यावरचा चेहरा, अक्षरं बहुतेक वेळा खालच्या धातूत उरलेलीच नसतात, ती असतात वरच्या पॅटिनात, म्हणजे धातू गंजून वर्षानुवर्षांत तयार झालेल्या थरात. तो थर खरवडला की नाणं चकचकीत होतं आणि चेहरा जातो. पॅटिनातली हिरवी-लाल खनिजं कडकपणाच्या मोस स्केलवर साधारण 3.5 ते 4, स्टील 5.5 च्या आसपास किंवा वर, म्हणजे कोण जिंकणार ते उघडच आहे.

म्हणून आता सुरुवात बांबूच्या टूथपिकनेच. डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही दिवस भिजवायचं, मऊ ब्रश फिरवायचा, मग काडी, टोक बोथट झालं की परत तासायचं, कंटाळवाणं आहे पण माती निघते आणि पॅटिना राहतो. साळिंदराचा काटाही यासाठी वापरतात, लाकडापेक्षा चिवट असतो.

पितळी ब्रशच्या नादाला लागू नका, त्याचे पिवळे पट्टे नाण्यावर बसतात (हो, तेही करून झालंय). फायबरग्लासची पेन्सिल पॅटिना घासून काढते, वर तिच्या कुसळी बोटात घुसतात.

सुई, स्काल्पेल (सर्जनची बारीक सुरी) लागतंच, दगडासारखा कडक थर काडीला दाद देत नाही. पण टोक उभं धरून खुपसायचं नाही, जवळजवळ आडवं धरून पापुद्रा उचकटायचा, आणि चेहऱ्यावर नाही, आधी मोकळ्या भागावर हात बसवायचा.

खरं सांगू का, पैसे घालायचेच तर भिंगात घाला. दहापट लूप (डोळ्याशी धरायचं छोटं भिंग) नाण्यापासून जेमतेम अडीच सेंटिमीटरवर धरावा लागतो, मध्ये हत्यार घालायला जागाच नाही, त्यापेक्षा डोक्याला लावायचं दोन-तीनपट भिंग बरं, स्टीरिओ मायक्रोस्कोप (दोन्ही डोळ्यांनी बघायचा) असेल तर प्रश्नच मिटला.

आणि फिक्कट हिरवी भुकटी काढूनही परत परत येत असेल तर तिथे हत्यार बदलून उपयोग नाही, ती क्लोराइडची भानगड असते, म्हणजे नाण्यात मुरलेले क्षार आतून धातू खात असतात. असं नाणं वेगळं काढून सिलिका जेलसोबत कोरडं ठेवायचं आणि त्यावर वेगळे उपचार करायचे.

सध्या टेबलावर जे आहे त्याची उजवीकडची तीन अक्षरं दिसायला लागलीयत, पाठ अजून मातीतच आहे.