आमची वाटचाल : शून्य रुपयापासून चढणारी गाणी

बाबांचं सांगलीत कॅसेटचं दुकान, मी तिथेच लहानाचा मोठा झालो. पुढे सीडीचाही धंदा बसला तेव्हा २०१२ मधे ठरवलं की आपल्याकडे गोंधळ, भारुडं, भजनं यांची जी रेकॉर्डिंग पडून आहेत ती डाउनलोडवर विकायची. पण भाव काय लावायचा इथेच गाडी अडली. ॲपलच्या आयट्यून्स या ऑनलाइन गाण्यांच्या दुकानानं २००३ ला अमेरिकेत सगळी गाणी ९९ सेंटला ठेवली होती, नावाजलेला असो की नवखा. मला ते कधी पटलंच नाही, ज्याचं नाव कुणी ऐकलं नाही त्याच्यासाठी आधीच पैसे कोण टाकणार?

मग ॲमी स्ट्रीटबद्दल वाचलं. तिकडच्या ब्राउन युनिव्हर्सिटीच्या पोरांनी २००६ ला काढलेली साईट, गाणं फुकटपासून सुरू आणि डाउनलोड वाढतील तसा भाव चढणार, फार तर ९८ सेंटपर्यंत. २०१० ला ॲमेझॉननं ती घेतली आणि बंद झाली, पण कल्पना डोक्यात बसली ती बसलीच, आपल्या मंडईत कोथिंबीर अशीच तर चढते!

आम्ही पहिले वीस डाउनलोड फुकट ठेवले, मग दर दहाला एक रुपया वाढ, १५ ला थांबायचं. पहिल्याच महिन्यात फटका बसला, एक रुपयाच्या गाण्यावर पेमेंट गेटवेची (ऑनलाइन पैसे जमा करून देणाऱ्या कंपनीची) फीच रुपयापेक्षा जास्त, म्हणजे विकलं की तोटा. मग पन्नासचा रिचार्ज चालू केला, म्हणजे पैसे एकदाच आधी भरायचे आणि त्यातून गाणी घेत राहायची, तेव्हा कुठे जमलं. दुसरी चूक गणपतीत कळली. आरत्या चढत चढत १५ वर गेल्या आणि विसर्जनानंतर तिथेच बसल्या, गिऱ्हाईक एक नाही, कारण भाव उतरायची सोयच केली नव्हती. आता महिनाभर उठाव नसेल तर रुपया रुपया खाली येतो.

जत तालुक्यातले एक गोंधळी, सत्तरी ओलांडलेले, त्यांचं संबळावरचं अंबाबाईचं पद शून्यावर टाकलं होतं. रोज संध्याकाळी त्यांचा फोन, "काय भाव झाला आज?" सात झाला त्या दिवशी नातवाला घेऊन एसटीनं दुकानात आले, स्क्रीनवरच्या ७ वर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "उद्या आठ होईल न्हवं?" त्यांचा वाटा मी तिथेच पाकिटात घालून हातात दिला. निम्म्याहून जास्त कलाकाराला, हे पहिल्या दिवसापासून आहे.

स्ट्रीमिंग आल्यावर डाउनलोड कमी झाले, खरंय. पण भजनी मंडळं आणि ट्रकवाले पेनड्राइव्हसाठी अजून घेतातच. नवरात्राआधी सहा नवीन पदं टाकतोय, सगळी शून्यावरून.