चेक जावाची फळीवाट: ओहोटी पाहून आखायची सहल

सिंगापूरला गेलेली बरीच मराठी मंडळी सेंटोसा आणि मरिना बे पाहून परततात. खाडी, चिखल आणि खारफुटी यांत रस असेल, तर त्यातला एक दिवस पुलाउ उबिन बेटाला द्या. बेटाच्या पूर्व टोकाला चेक जावा हा सुमारे शंभर हेक्टरचा किनारा आहे. इथे भराव घालायचं ठरलं होतं. लोकांनी आग्रह धरल्यावर 2001 च्या अखेरीस ते काम पुढे ढकललं गेलं आणि 2007 मध्ये 1.1 किलोमीटरची फळीवाट (बोर्डवॉक), म्हणजे पाण्या-चिखलावरून चालत जायची उंच वाट, खुली झाली. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. वेळ सकाळी 8.30 ते संध्याकाळी 6.

इथे दिवस ठरतो तो पाण्यावरून. ओहोटीला पाणी 0.5 मीटर किंवा त्याखाली उतरलं, तरच समुद्राकडचा सपाट भाग, म्हणजे समुद्री गवत, वाळूचे पट्टे, पोवळ्यांचा चुरा, नीट उघडा पडतो. त्याहून वर असेल तर नुसतं पाणी दिसतं. आपल्याकडची तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरती-ओहोटीची वेळ काढायची रीत इथे पुरत नाही. वेळेचा अंदाज येईलही, पण पाणी किती ओसरणार ते त्यातून कळत नाही. इथल्या दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक खोल जाते आणि दुसरी अर्ध्यावर थांबते. म्हणून सिंगापूरचा सरकारी भरती-ओहोटीचा तक्ता पाहा आणि वेळेइतकाच उंचीचा आकडा तपासा.

दुसरी अडचण फाटकाच्या वेळेची. साधारण एप्रिल ते ऑगस्ट मोठी ओहोटी पहाटे येते. ऐन अमावास्या-पौर्णिमेला फाटक उघडेपर्यंत पाणी परत चढायला लागलेलं असतं. त्या महिन्यांत तृतीया-चतुर्थीच्या आसपासचा दिवस निवडा. ओहोटी सातआठच्या सुमारास येते आणि पहिल्या तासात बरंच हाती लागतं. नोव्हेंबर ते जानेवारी गणित उलटं. मोठी ओहोटी संध्याकाळी येते, म्हणून त्रयोदशी ते अमावास्या किंवा पौर्णिमा हे दिवस बरे. मात्र तेच पावसाचे महिने.

जायचं असं: ताना मेरा मेट्रो स्थानकाहून 2 नंबरची बस चांगी व्हिलेजला जाते. तिथल्या धक्क्यावरून बारा जणांची लाकडी बोट सुटते. भाडं माणशी सुमारे 4 सिंगापूर डॉलर, एका बाजूचं, आणि रोखच द्यायचं. सुटे जवळ ठेवा. बोटीला वेळापत्रक नाही, बारा जण जमले की ती निघते. घाई असेल तर उरलेल्या जागांचे पैसे भरून लगेच निघता येतं. दहाएक मिनिटांत उबिन येतं.

उबिनच्या धक्क्यापासून चेक जावा तीन किलोमीटरच्या थोडं पुढे आहे. चालत पाऊण ते एक तास, सायकलने साधारण अर्धा. सायकली धक्क्याजवळच भाड्याने मिळतात. रस्त्यात चढ आहेत, तेव्हा घेण्याआधी ब्रेक आणि गिअर तपासा. सायकल फळीवाटेवर नेता येत नाही, प्रवेशापाशी कुलूप लावून ठेवायची. वयस्कर माणसं बरोबर असतील तर व्हॅन ठरवा आणि परतीची वेळ चालकाशी तिथेच बोलून घ्या.

आत दोन फेऱ्या आहेत: किनाऱ्याची सुमारे 600 मीटर आणि खारफुटीची 500 मीटर. ओहोटीच्या वेळेला धरून आधी किनारा करा. खारफुटीला घाई नाही, ती भरतीतही पाहण्यासारखी असते. चिखल बुडू लागला की काही खेकडे खोडावर चढून बसतात आणि अगदी डोळ्यांसमोर येतात.

खारफुटीतली झाडं कोकणातल्या माणसाला परकी वाटणार नाहीत. चिखलातून पेन्सिलीसारखी श्वासमुळं वर आली असतील तर ते तिवर, तिथे त्याला आपी-आपी म्हणतात. जाड, शंकूसारखी मुळं चिपीची. कमानी टाकून उभा असतो तो कांदळ, म्हणजे तिथला बकाऊ. त्याच्या लांब हिरव्या शेंगा झाडावरच रुजून खाली पडतात. निपा हा बुंधा न दिसणारा ताड मात्र आपल्याला नवा. कठड्याशी पाच मिनिटं न बोलता थांबा. पावलांच्या हादऱ्याने बिळात शिरलेले फिडलर खेकडे एकेक करून बाहेर येतात आणि नर आपला एकच मोठा नांगा वरखाली हलवू लागतात. निवट्या, म्हणजे चिखलावर सरपटणारे मासेही तेव्हाच दिसतात. चालत राहिलात तर चिखल रिकामा वाटेल.

किनाऱ्याच्या फेरीत दुर्बीण हवीच, 8 पटीची पुरते. वाळूचा पट्टा बराच आत असतो. फळीवाट सोडून चिखलात उतरायला बंदी आहे. उतरायचं असेल तर उद्यान खात्याच्या मार्गदर्शित फेरीत आधी नाव नोंदवावं लागतं. ही बंदी योग्यच आहे, कारण पायाखालचं समुद्री गवत आणि त्यातले जीव फार नाजूक असतात. ते किती नाजूक, हे 2006-07 च्या पावसाळ्यात दिसलं: शेजारच्या मलेशियातल्या जोहोर राज्यातल्या पुराचं गोडं पाणी इथे पसरलं आणि किनाऱ्यावरचे पुष्कळ जीव मेले.

फळीवाटेलगतचा जेजावी हा निरीक्षणाचा मनोरा 20 मीटर उंच आहे. उन्हं चढायच्या आत वर जा. तिथून धनेश दिसण्याची शक्यता चांगली असते.

ढग गडगडायला लागले तर फळीवाटेवर थांबू नका, उघड्या समुद्रावर वीज पडण्याचा धोका मोठा. प्रवेशाजवळच्या 1930 च्या दशकातल्या जुन्या बंगल्यात आसरा घ्या. माणशी दीड लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डासांचं मलम लागतंच. चेक जावाला खाण्याचं दुकान नाही. माकडं प्लॅस्टिकची पिशवी दिसली की झडप घालतात, म्हणून सगळं पाठपिशवीत बंद ठेवा. धक्क्याजवळच्या हॉटेलांत भर मासळीवर आहे, शाकाहारी मंडळींनी डबा आणावा आणि तो गावातच खावा.

संध्याकाळची ओहोटी धरली असेल तर सहाला फाटकातून निघून थेट धक्का गाठा. अंधार पडल्यावर बारा जण जमणं कठीण होतं आणि सातनंतर बोटीचा भरवसा नाही.