अखेर कोपरा जुळला!

आज घरामागच्या गॅरेजची आखणी झाली. एका बाजूला गाडी, दुसऱ्या बाजूला माझं कामाचं टेबल.

दोरी ताणून एका बाजूवर ३ मीटरवर खूण केली, दुसरीवर ४. तिरकं अंतर बरोबर ५ भरलं, तरच कोपरा काटकोनात. पहिल्यांदा ५ सेंटिमीटर जास्त आलं. खुंट्या उपटून पुन्हा ठोकल्या. मग दोन्ही कर्ण मोजले आणि टेप धरलेली लेक माझ्याआधी ओरडली, "बाबा, जुळलं!"

जमिनीला दाराकडे थोडा उतार ठेवणार, गाडीवरून निथळलेलं पाणी बाहेर जायला हवं. काँक्रीट पडलं की किमान ७ दिवस ओलं ठेवायचं, तिथे घाई अजिबात नाही.

इतकी वर्षं जिन्याखाली कोंबलेल्या माझ्या करवतीची आणि रंध्याची जागा आज दोरीने आखलेली पाहिली. फार बरं वाटलं.