सगळे गार्सिया एकमेकांचे कोण?

मी स्पॅनिश शिकवते. नवी तुकडी सुरू झाली की महिनाभरात कुणीतरी विचारतंच, "मॅडम, हे सगळे गार्सिया एकाच घराण्यातले का हो?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

नाही. गार्सिया हे मुळात आडनावच नव्हे, पाळण्यातलं नाव. नवव्या शतकात उत्तर स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या गादीवर गार्सिया इन्यिगेस नावाचा राजा होता. त्यातलं गार्सिया त्याचं स्वतःचं, आणि इन्यिगेस म्हणजे इन्यिगोचा मुलगा. शब्द बहुधा त्याच भागातल्या बास्क भाषेतला. कुणी त्याचं नातं अस्वलाशी जोडतं, कुणी 'तरुण'शी. मला आपलं अस्वल बरं वाटतं, पण तो काही पुरावा नव्हे.

आपण बापाचं नाव मधे लावतो आणि ते दर पिढीला बदलतं. तिकडेही तसंच चालायचं, पुढे ते गोठलं. गावोगावच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या गार्सियांची पोरं कायमची गार्सिया झाली. आज स्पेनमधलं हे पहिल्या क्रमांकाचं आडनाव, माणसं १४ लाखांवर. अमेरिकेच्या २०१०च्या जनगणनेत सहावं. फिलिपिन्सची तर तऱ्हाच वेगळी: १८४९ साली तिथल्या स्पॅनिश गव्हर्नर क्लावेरियाने आडनावांची यादी काढून लोकांना त्यातून आडनावं दिली. तेव्हा तिथल्या स्पॅनिश आडनावावरून रक्ताचं नातं काढायला जाऊ नये.

पणजीतली गार्सिया द ऑर्ता बाग पाहिली असेल. तिथला गार्सियाही आडनावाचा नाही. १५६३ साली गोव्यात औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ छापणाऱ्या त्या पोर्तुगीज वैद्याचं ते नावच. आईबाप मात्र स्पेनमधून परागंदा झालेले ज्यू.

इतक्या गार्सियांत माणूस ओळखायचा कसा? आईच्या आडनावाने. तिकडे प्रत्येकाला दोन आडनावं, आधी बापाचं, मग आईचं. कवी फेदेरिको गार्सिया लोर्का जगाला लोर्का म्हणून माहीत, आणि लोर्का हे आईकडचं. लग्नानंतर तिकडे बाई आडनाव बदलत नाही, म्हणून ते शाबूत राहतं.

वर्गात मी स्पॅनिश पद्धतीचा फॉर्म भरायला देते: पहिलं आडनाव, दुसरं आडनाव. मग आईबापांचाही तसाच. पहिला पटकन होतो. दुसऱ्यात आजीचं माहेरचं आडनाव लागतं, आणि अर्धा वर्ग फोन घेऊन जिन्यात जातो.