कॉलेज बघायला मंगळवारी जा

बारावीच्या सुरुवातीला भाचीने मला एक वही आणून दाखवली. कॉलेजांची यादी, प्रत्येकापुढे क्रमवारीतला आकडा आणि त्यावरून केलेली रंगरंगोटी. हिरवं म्हणजे 'हवंच', पिवळं म्हणजे 'चालेल', लाल म्हणजे 'नाइलाज'. "मावशी, तू इतकी वर्षं कॉलेजात आहेस, बघ ना बरोबर आहे का." वही देखणी होती. मी विचारलं, यातली किती कॉलेजं तू आत जाऊन पाहिलीस? एकही नाही.

मी २२ वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. शिकवलं कधीच नाही. पण देवघेवीच्या काउंटरवरून कॉलेजचं जे दिसतं ते प्राचार्यांच्या खोलीतून दिसत नाही, असं माझं मत आहे. कुठल्या विभागाची मुलं सत्राच्या पहिल्याच महिन्यात पुस्तकं मागायला येतात, कुठली थेट परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उगवतात, हे आम्हाला न विचारता कळतं. आणि बहुतेक वेळा फरक मुलांत नसतो, त्यांना कोण शिकवतंय यात असतो.

एक कबुलीही देऊन टाकते. तपासणी समिती यायची असली की आम्ही ग्रंथालय 'सजवायचो'. तळघरातल्या जुन्या पुस्तकांना नवी वेष्टणं घालून ती समोरच्या कपाटात लावायची, बंद पडलेले दोन संगणक कापडाने पुसून दर्शनी टेबलावर ठेवायचे. हे सगळं मी स्वतः केलंय, वरिष्ठांनी सांगितलं म्हणून. समिती गेली की आठवडाभरात सगळं पूर्ववत. म्हणून कॉलेजने खास पाहुण्यांसाठी ठेवलेल्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी सगळीच कॉलेजं चांगली असतात. साध्या मंगळवारी जा, अकराच्या सुमाराला.

आता त्या हिरव्या-पिवळ्या आकड्यांबद्दल. क्रमवारी कशावरून ठरते हे भाचीला माहीत नव्हतं. तिने माहिती काढली तेव्हा तीच चक्रावली. शांघायमधून २००३ पासून निघणारी जागतिक विद्यापीठांची प्रसिद्ध क्रमवारी घ्या. तीत ३० टक्के गुण माजी विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना मिळालेल्या नोबेल आणि फील्ड्स (गणितातला मोठा सन्मान) पदकांचे. आणखी २० टक्के 'नेचर' आणि 'सायन्स' या नियतकालिकांत छापून आलेल्या निबंधांचे. संशोधनाचा दर्जा बघायचा असेल तर ठीक. पण पहिल्या वर्षाच्या वर्गात फळ्यासमोर कोण उभं राहणार, हे त्यातून कसं कळावं?

दुसऱ्या प्रकारच्या क्रमवाऱ्या कॉलेजांनीच भरून दिलेल्या माहितीवर चालतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचं प्रकरण २०२२ मध्ये गाजलं. तिथल्याच गणिताच्या एका प्राध्यापकांनी आकडे तपासले आणि ते जुळत नाहीत असं जाहीर मांडलं. वीसपेक्षा कमी विद्यार्थी असलेले वर्ग ८२.५ टक्के आहेत असं विद्यापीठाने कळवलं होतं. फेरतपासणीत ते ५७ टक्क्यांच्या आसपास निघाले. देशातल्या क्रमवारीत दुसरं असलेलं विद्यापीठ पुढच्या यादीत अठरावं झालं. त्या वर्षभरात तिथल्या वर्गांमध्ये काय बदललं असेल? मला वाटतं, काहीच नाही.

मग आम्ही दोघी निघालो. तीन कॉलेजं, तीन मंगळवार. (मी रजा टाकली. भाचीने शाळेला काय कारण सांगितलं ते मी विचारलं नाही.)

वहीत हिरव्या रंगात असलेल्या एका कॉलेजात जीवशास्त्राची प्रयोगशाळा बघितली. ओळीने सूक्ष्मदर्शक मांडलेले, सगळ्यांवर प्लॅस्टिकची आवरणं. भाची खूश. मी एका आवरणावरून बोट फिरवलं तर बोटावर धुळीचा थर. कोपऱ्यात प्रयोगशाळा सहायक बसले होते. त्यांना विचारलं, "काका, यातले चालू किती?" ते हसले आणि म्हणाले, "चार. पाचवा कधीकधी." एका तुकडीत मुलं किती, तर साठ. प्राध्यापकांनी हे सांगितलं नसतं. ते खोटं बोलले असते असं नाही, त्यांना तसं कुणी विचारत नाही इतकंच. कॉलेज बघायला गेलात की शिपाई, सहायक, ग्रंथालयातला माणूस यांच्याशी दोन शब्द बोला.

ग्रंथालयात गेलो तर मी सवयीने पुस्तकांची मागची पानं उघडायला लागले. तिथे तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते, प्रत्येक वेळी पुस्तक गेलं की एक शिक्का. आता पुष्कळ ठिकाणी सगळं संगणकावर गेल्यामुळे चिठ्ठ्या कोऱ्या असतात. तिथे पुस्तकाचा कणा बघा. वापरलेलं पुस्तक टेबलावर ठेवलं की आपसूक उघडतं, न वापरलेलं कुरकुरतं. या हिरव्या कॉलेजातली पुस्तकं कुरकुरत होती. पिवळ्या कॉलेजात मात्र संख्याशास्त्राच्या एका पाठ्यपुस्तकाच्या तीन प्रती चिकटपट्ट्या लावलेल्या, कोपरे झिजलेले. भाची म्हणाली, "किती फाटकी पुस्तकं ठेवलीत!" मला मात्र तिथेच बरं वाटायला लागलं होतं.

मुलांना काय विचारायचं हेही आधी ठरवून जावं. "कॉलेज कसं आहे?" असं विचारलं की "छान आहे" एवढंच उत्तर येतं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. पहिल्या वर्षाची अजून भारावलेली असतात आणि शेवटच्या वर्षाची वैतागलेली. त्यांना विचारा, गेल्या आठवड्यात किती तास झाले आणि किती बुडाले? नापास झालेल्या मुलाला इथे कोण मदत करतं? भाचीने हा दुसरा प्रश्न तिन्ही ठिकाणी विचारला. दोन ठिकाणी मुलं एकमेकांकडे बघत राहिली. पिवळ्या कॉलेजात एका मुलीने लगेच एका मॅडमचं नाव घेतलं आणि त्या किती वाजता भेटतात तेही सांगितलं.

नोकऱ्यांचे आकडे तर माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावरच असतात. तिथे दोन गोष्टी बघायच्या. '९५ टक्के मुलांना नोकरी', तर कोणाच्या ९५ टक्के? वर्गातल्या सगळ्या मुलांच्या, की कॉलेजने 'पात्र' ठरवलेल्या मुलांच्या? आणि सरासरी पगार सांगितला तर मध्यक विचारा, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की अगदी मधोमध येणारा आकडा. दहा मुलांपैकी नऊ जणांना १० आणि एकाला ११० मिळाले तर सरासरी २० येते. वीस तर कोणालाच मिळालेले नसतात. मध्यक मात्र १० येतो, आणि तुमची गाठ बहुधा त्या दहाशीच पडणार असते.

फी एका वर्षाची विचारू नका, सगळ्या वर्षांची मिळून विचारा आणि कागदावर लिहून घ्या. प्रवेश रद्द केला तर किती परत मिळतात तेही. यावर जास्त लिहीत नाही, घरची मोठी माणसं हे बघतातच.

नावाचं महत्त्व शून्य आहे असंही मी म्हणणार नाही. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांचा २००२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, अमेरिकेतला. साधारण सारख्याच कॉलेजांत प्रवेश मिळालेली मुलं त्यांनी घेतली, त्यातली काही नामवंत कॉलेजात गेली, काही कमी नावाच्या. पुढच्या कमाईत सरासरीने फारसा फरक दिसला नाही. पण गरीब घरांतल्या मुलांना नामवंत कॉलेजाचा फायदा झालेला दिसला. ज्यांच्या घरी ओळखीपाळखी नाहीत त्यांना तिथे त्या मिळत असाव्यात, असा माझा अंदाज. तेव्हा नावावर हसण्याआधी आपण कुठून आलोय तेही बघावं.

राहिला विषय. भाचीला मानसशास्त्र घ्यायचं होतं, कारण 'मला माणसं समजतात'. मी तिला पहिल्या वर्षाचं पाठ्यपुस्तक आणून दिलं आणि रविवारची दुपार त्याच्यासोबत काढायला सांगितलं. संध्याकाळी फोन आला, आवाज पडलेला. "मावशी, यात गणित आहे!" असतंच. मानसशास्त्राचा बराच डोलारा संख्याशास्त्रावर उभा आहे. दोन दिवस रुसून बसली, मग त्या पुस्तकातला स्मरणशक्तीचा धडा वाचून मलाच ऐकवायला लागली. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग होता त्यात. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या मुलांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर पुस्तक मिटून आठवायचा प्रयत्न केलेली मुलं पुढे निघाली. वाचनकक्षात मी हे वर्षानुवर्षं बघत आले. पानं पिवळीजर्द रंगवणारी मुलं आणि पुस्तक उलटं ठेवून छताकडे बघत पुटपुटणारी मुलं. या प्रयोगाचं नाव मला ठाऊक नव्हतं, पुटपुटणारी मुलं मात्र ठाऊक होती. भाचीने त्या महिन्यापासून रंगीत पेनं कपाटात टाकली.

तिने पिवळं कॉलेज घेतलं. आता दुसऱ्या वर्षाला आहे. परवा फोनवर तणतणत होती की शनिवारी वाचनकक्ष दुपारीच बंद करतात, हे काय चाललंय. सतरा जणांच्या सह्या घेऊन तिने अर्ज लिहिलाय. मी फक्त शुद्धलेखन तपासून दिलं आणि 'विनंती' या शब्दाखालच्या दोन रेघा खोडायला लावल्या.