गोराई ते उत्तन: एकच बेट, पण महापालिका दोन

बोरीवलीत राहून इतकी वर्षं झाली तरी गोराई म्हणजे बीच एवढंच डोक्यात होतं, म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी बायको आणि मी ठरवलं की यावेळी गाव बघायचं आणि तिथून उत्तन करून भाईंदरला निघायचं. सकाळी सातला गोराई जेट्टीवर पोचलो. तिकिटाला सुट्टे पैसे ठेवा, बोट दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे सोडते, दोन्ही बाजूला तिवरं आणि भरती असेल तर बगळे अगदी हाताशी.

आता नकाशा समजून घ्या, कारण सगळी गंमत त्यातच आहे. गोराई, मनोरी, डोंगरी, उत्तन ही सगळी धारावी बेटावरची गावं (झोपडपट्टीची धारावी वेगळी). पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, दक्षिणेला मनोरीची. गोराई-मनोरी मुंबई महापालिकेत, पण गाडीने बोरीवलीहून गोराईला जायचं तर दहिसर ओलांडून मुंबईच्या बाहेर पडायचं, भाईंदर-उत्तन फिरून परत मुंबईत यायचं! उत्तन-डोंगरी मीरा-भाईंदरमध्ये, जिल्हा ठाणे. तिथे १९८५ ला नगरपालिका झाली, पुढे उत्तनची ग्रामपंचायत त्यातच गेली आणि २००२ ला महापालिका झाली. गोराईच्या एका मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "दाखला पायजे तर बोट धरायची आनि बोरीवलीला जायचं, दिवस जातो." त्यांच्या बहिणीला उत्तनमध्ये दिलंय, तिचं काम भाईंदरला. शेत, चर्च, लग्नकार्य सगळं एकत्र आणि ऑफिस दोन, मला हे फार लागलं.

गोराईत पवित्र राजांचं (बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांचं) चर्च आहे, ६ जानेवारीच्या आसपास सण असतो, जमलं तर तेव्हाच जा. इथले लोक ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे कॅथलिक ख्रिस्ती, घरात मराठीच बोलतात, हे नाव त्यांनी १८८७ मध्ये घेतलं. जेवण एखाद्या घरगुती ठिकाणी आधी सांगून ठेवा, बॉटल मसाल्यातलं कालवण आणि फुगिया (पिठाचे तळलेले फुगीर गोळे) मिळाल्या तर सोडू नका. गोराईचा विपश्यना पॅगोडा बाहेरूनच बघितला, आतल्या हॉलमध्ये एकही खांब नाही आणि ८ हजार माणसं बसतात, त्याला वेगळा दिवस द्या.

पुढे रिक्षाने उत्तन. वाटेत वलांड्यांवर (मासे सुकवायच्या बांबूच्या मांडण्या) बोंबील वाळत घातलेले, ओळीच्या ओळी. जून-जुलैत मासेमारी बंद असते, हे बघायला दिवाळीनंतरच जा.

उत्तनच्या पुढे चौक नावाचं गाव, त्याच्याजवळ धारावी किल्ला, म्हणजे आता फक्त थोडे अवशेष, पण उभं राहून समोर बघा, खाडीपलीकडे वसई. तेव्हा कळतं की चिमाजी आप्पांना हे टोक का हवं होतं. पोर्तुगीजांची वसईची रसद या खाडीच्या तोंडातूनच जायची, त्यामुळे १७३७ पासून या जागेसाठी झुंज चालली, १७३९ ला धारावी मराठ्यांकडे आली आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. आप्पांचा पुतळा तिथे आहे. आम्ही अर्धा तास बसलो, बायको शेवटी म्हणाली, अहो निघूया, ऊन वाढलं. फुल पँट घाला, काटेरी झुडपं आहेत, पाणी सोबत न्या.

परतीला चौक गावातून भाईंदर स्टेशनची बस मिळते, मिठागरांच्या बाजूने जाते, खिडकी पकडा. बाईक असेल तर मार्वे-मनोरी बोटीत ती चढते, फक्त शेवटची बोट कधी हे उतरतानाच विचारून घ्या. गोराईच्या समुद्रात पोहू नका, ओढ आहे. आणि सुके बोंबील घेतले तर दोन पिशव्यांत बांधा, लोकलने जायचंय.