कांदा काचेसारखा होईपर्यंत

रविवार, १६ नोव्हेंबर. बुडापेस्ट. रात्रीचे साडेनऊ.

दोनदा साबण लावला तरी हाताचा कांद्याचा आणि पाप्रिकाचा, म्हणजे इथल्या लाल मिरचीपुडीचा, वास जात नाहीये. जाऊही नये असंच वाटतंय.

शेजारच्या नेनी गेल्या महिन्यात ओल्या जिन्यावर घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. (नेनी म्हणजे आपली मावशी. इथे वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत.) आमची इमारत जुनी, अगदी चाळीसारखी. मधे चौक, चारी बाजूंनी उघडी गॅलरी, आणि कोणाकडे काय शिजतंय ते तिन्ही मजल्यांना कळतं. महिनाभर त्यांच्या दारातून पोर्कोल्तचा, म्हणजे कांदा-पाप्रिकात मंद आचेवर शिजवलेल्या मांसाचा, वास आला नव्हता. मला ते बघवेना. शुक्रवारी म्हटलं, नेनी, तुम्ही स्टुलावर बसा, मी करते.

काल फोवाम चौकातल्या मोठ्या मंडईत गेले. १८९७ साली उघडलेली ही मंडई, रंगीत कौलांचं छप्पर. सव्वा किलो गोमांस घेतलं, पोटरीचं. नेनींनी बजावलं होतं, लुसलुशीत तुकडा अजिबात आणू नकोस, तो कोरडा पडतो. पोटरीच्या मांसातले ते पांढरे चिवट धागे मंद आचेवर तीन तासांत विरघळतात आणि रस ओठांना चिकटेल असा होतो.

बाहेरचं जग याला गुलाश म्हणतं. ते नेनींना चालत नाही. गुयाश म्हणजे गुराखी, आणि इथे गुयाश म्हणजे त्या गुराख्यांचं पातळ सूप, बटाटे-गाजरं घातलेलं. आज केलं ते पोर्कोल्त. यात बटाटा नाही, मैदा नाही, आलं-लसणाचं वाटणही नाही. माझा हात धणे-जिऱ्याकडे जात होता, तो आवरला. इथलं 'कोमेन' दिसायला जिऱ्यासारखं, पण वास शहाजिऱ्याकडे झुकणारा, तेच चिमूटभर.

अर्धा किलो कांदा अगदी बारीक चिरून दोन मोठे चमचे डुकराच्या चरबीत टाकला. आपण कांदा गुलाबी होईपर्यंत परततो. नेनी म्हणाल्या, "काचेसारखा झाला पाहिजे." आरपार दिसेल असा. वीस मिनिटं लागली, त्यांनी आच वाढवू दिली नाही.

मग भांडं गॅसवरून खाली उतरवायचं. पूर्ण खाली. पाप्रिकात साखर असते, तापल्या चरबीत ती क्षणात करपते आणि सगळं कडू होतं. गेल्या हिवाळ्यात माझ्या एकटीच्या स्वयंपाकात हेच झालं होतं, तपकिरी कडू रस सगळा ओतून द्यावा लागला होता. आज भांडं ओट्यावर, नेनींची बरणी उघडी, सेगेदची गोडी पाप्रिका. त्या मूळच्या सेगेदच्या. १९३७चं नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञ सेंत-ग्यॉर्गींनी त्यांच्याच गावच्या मिरच्यांतून 'क' जीवनसत्त्व काढलं, हे बरणी उघडताना त्या दर वेळी सांगतात. मला दर वेळी ऐकायला आवडतं.

तीन चमचे भरून घातले. दोनदा ढवळलं. चरबी आतून पेटल्यासारखी लाल झाली, आणि जो वास आला, तो थेट वसईचा. मे महिन्यात आमच्या अंगणात वाळवलेल्या मिरच्या, कांडपवाल्या बायका, आणि बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरलेला वर्षाचा मसाला. नेनींची बरणीही अंधाऱ्या फडताळात असते. उजेडाने रंग मरतो, हे दोन्हीकडच्या बायकांना ठाऊक. आमच्या किनाऱ्यावर मिरची पोर्तुगीजांनी आणली, यांच्याकडे तुर्कांच्या राज्यात आली. जुनी माणसं तिला तुर्की मिरी म्हणत.

"पाणी! आता!" नेनींनी डावा हात उचलला. पाव वाटी पाणी, मांस, मीठ, एक टोमॅटो, एक लांबट पिवळी मिरची, आणि झाकण.

पुढचे तीन तास बघण्याचे नाहीत, ऐकण्याचे. मांसाला पाणी सुटतं तोवर आवाज जाड असतो, रटरट. पाणी आटलं की तो पातळ होतो, चुरचुर. नेनी खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "झीर्यारा." चरबीवर आलं. मी झाकण काढलं तर कडेने लाल तेल सुटलं होतं. आई शेगडीकडे पाठ करून भाकरी थापताना विचारायची तेच हे, "तेल सुटलं का गं?" त्या क्षणी मला बोलताच येईना.

थोडं पाणी घालायचं, पुन्हा आटू द्यायचं, पुन्हा तेल सुटू द्यायचं. असं चार वेळा केलं. कुकरमध्ये मांस शिजेल, पण पाणी जाणार कुठे? ती चुरचुर आलीच नाही तर नुसतं उकडलेलं मांस हाती येतं. 'पोर्कोल्त' या शब्दातच भाजणं आहे.

शेवटी रस अंगाबरोबर राहिला, गडद, चकचकीत. सोबत नोकेड्ली: मैदा-अंड्याचं सैल पीठ भोकांच्या पत्र्यावरून उकळत्या पाण्यात पाडायचं, बुंदी पाडतो तसं. आणि मीठ लावून पिळलेली काकडी, व्हिनेगर-साखरेत.

मी नेनींना वाढलं. इथे मोठ्यांना सरळ "घ्या" म्हणत नाहीत, "घ्यायला आवडेल का" असं विचारतात, तसंच विचारलं. त्यांनी डाव्या हातात काटा धरला. पहिल्या घासानंतर थांबल्या. मला वाटलं मीठ चुकलं.

"किश्लान्योम," म्हणाल्या. माझ्या पोरी. बाकी काही नाही. मग पावाचा तुकडा मोडून डाव्याच हाताने ताटली कडेपर्यंत पुसून घेतली, इतकी की खालची निळी फुलं दिसायला लागली.

उरलेलं भांडं बाहेर गॅलरीत ठेवलंय, झाकणावर वीट. बाहेर दोन अंश आहे. नेनी म्हणाल्या, उद्या सकाळी वरची चरबी लाल साय धरेल, ती काढू नकोस, तिच्यासकट गरम कर. दुपारी एक वाजता त्या येणार आहेत.